अंगणावरचे चार तास

त्या वर्षी मस्टरवर माझ्या नावापुढं रोज अर्धा दिवस लागायचा. सकाळी मी खाणीवर खडी फोडायचो आणि दुपारी हुतूतू खेळायचो. खडीचा अर्धा दिवस लागायचा, हुतूतूचा काहीच लागायचा नाही. खरं तर मला ठेवलं होतं हुतूतूसाठीच. खडी काय, कोणीही फोडली असती.

पन्नास सालानंतरच्या पाचसहा वर्षांतली ही हकीकत. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उभे राहत होते. पाया खणणं, खडी फोडणं, भिंती उठवणं ही कामं कंत्राटदार घ्यायचे. त्यातल्याच एका कंत्राटदाराकडं मी होतो. त्यांना आम्ही मालक म्हणायचो. मालकांना बांधकामाइतकंच हुतूतूचं वेड होतं. पुण्यातल्या दुसऱ्या एका कंत्राटदाराचा संघ सगळीकडं जिंकत सुटला होता आणि ते आमच्या मालकांना सहन होत नव्हतं. म्हणून त्यांनी गावोगाव फिरून नऊ गडी जमवले. सात खेळायला, दोन राखीव.

मी चाकणच्या बाजूचा. घरी बाजरी आणि कांदा, तो बघायला दोन थोरले भाऊ. माझा दम लांब होता. एका दमात समोरच्या अंगणात शिरून दोन-तीन गडी मारून परत यायचो, आणि आपल्याला हे येतं हे मला चांगलंच ठाऊक होतं. मालकांनी मला खेडच्या सामन्यात पाहिलं. खेड म्हणजे आताचं राजगुरुनगर. सामना संपल्यावर ते जवळ आले, माझा दंड दाबून बघितला आणि म्हणाले, "माझ्याकडं येशील का? राहायला खोली, रोज अर्धा शेर दूध, आणि मस्टरवर नाव."

"काम काय?" मी विचारलं.

"खेळायचं. आणि मस्टरवर नाव पाहिजे ना, म्हणून सकाळी थोडं खाणीवर बसायचं."

मी तिथल्या तिथं हो म्हणालो. वडिलांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "खेळायचे पैशे देत्यात व्हय? मग देणाऱ्याला अक्कल न्हाई आन घेणाऱ्याला लाज न्हाई." पण जाऊ दिलं.

पिंपरीतला आमचा दिवस असा असायचा. सकाळी साडेसहाला मुकादमाची शिट्टी व्हायची. नऊ जणांनी धावत पवनेवर जायचं, नदीकाठी जोर-बैठका काढायच्या आणि धावत परत यायचं. यात तास जायचा. आठ ते बारा खाणीवर. मग जेवण. दोनला पुन्हा शिट्टी झाली की अंगणावर जायचं. सिमेंटच्या गोदामामागचं ते अंगण आम्हीच तयार केलं होतं. वरचा मुरूम काढून नदीची गाळाची माती टाकली होती आणि पाणी मारून मारून ती मऊ केली होती. तिथं सहापर्यंत सराव.

मुकादम मराठवाड्यातला, बीडकडचा. माणूस वाईट नव्हता, पण शिट्टी त्याच्या गळ्यात होती आणि मालकांनी त्याला सांगून ठेवलं होतं, की शिट्टीनंतर जो अंगणावर येईल त्याचा पाव दिवस कापायचा. आमचा दिवसच अर्धा. त्यातला पाव गेला की उरायचा पाव. माझा असा दोनदा गेला. एकदा जेवून डोळा लागला म्हणून, आणि एकदा कॅम्पातल्या, म्हणजे निर्वासितांच्या वस्तीतल्या, दुकानातून अंगाला लावायचं तेल आणायला वेळ झाला म्हणून. ते तेलही संघासाठीच होतं.

तरी मी खूश होतो. बावीस वर्षांचं वय, पोटभर दूध, आणि खेळायला रोज चार तास. आमच्या गावात एवढं सुख कोणाला नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास खाणीच्या तोंडाशी एक लाकडी फळा लागला. मुकादमानंच तो ठोकला. मजूर खात्याकडून हुकूम आला होता म्हणे. खाणीवर लिहितावाचता येणारे दोघं-तिघंच होते. मी मराठी सातवी झालेलो, म्हणून बाया-माणसं मला म्हणाली, "वाच रं, काय लिवलंय."

मी मोठ्यानं वाचलं. खडी फोडणाऱ्या आणि बांधकामावरच्या मजुरांना सरकारनं किमान वेतन ठरवून दिलं आहे, त्याहून कमी कोणी देऊ नये, प्रौढ माणसाचा दिवस नऊ तासांचा धरावा, असा त्यातला मतलब होता. खाली दर लिहिला होता. तो ऐकून एक बाई म्हणाली, "आता तरी पुरा देत्याल." आणि सगळे कामाला गेले.

मी मात्र तिथंच उभा राहिलो. नऊ तास हा आकडा माझ्या डोक्यात घुसला होता. मी बोटांवर मोजलं. पवनेवरचा एक. खाणीवरचे चार. अंगणावरचे चार. बरोबर नऊ होत होते.

संध्याकाळी खोलीत मी हे सगळ्यांना सांगितलं. आमचा कप्तान भाकरी खात होता. कप्तान रत्नागिरीकडचा, मुंबईत एका गिरणीच्या संघातून दहा वर्षं खेळून आलेला. पस्तिशी उलटली होती, पण डाव्या कोपऱ्यात उभा राहून त्यानं एकदा घोटा धरला की सुटका नसायची. त्याच्या शब्दाबाहेर आम्ही कोणी जात नव्हतो.

त्यानं घास चावून संपवला आणि म्हणाला, "अंगणावरचे तास मोजायचे म्हणतोस?"

"व्हय. मोजायचे."

"मी अंगणावर पाट्या टाकतो काय रे मेल्या? खेळ तो खेळ. तास मोजून खेळायला लागलास की तुझा दम तिसऱ्या दिवशी तुटेल."

"दम काय फळा वाचून तुटत न्हाई, कप्तान," मी म्हणालो. "दिवसभर आमी ह्यांच्याच शिट्टीवर पळतोय. मग तो दिवस अर्धा कसा?"

"तू गप जेव."

मी गप जेवलो. कप्तानाचं म्हणणं मला पटलं नव्हतं, पण कळलं होतं. खेळ ही त्याची एकच गोष्ट होती जिला तो मजुरी म्हणत नव्हता. गिरणीतही त्याला मशीनवर उभं केलं होतं आणि शनिवारी-रविवारी खेळवलं होतं. मशीनवरचं तो कधी बोलायचा नाही. सामन्यांचं मात्र रात्ररात्र सांगायचा. आता कोणीतरी येऊन त्या दोन्ही गोष्टी एकाच मापानं मोजा म्हणत होतं, आणि ते त्याला अपमानासारखं वाटत होतं.

पुढं जे घडलं ते माझ्यामुळं घडलं नाही.

आमच्या संघात वाकडचा एक गडी होता. वाकड तेव्हा शेतांनी वेढलेलं लहान गाव, तिथून तो रोज चालत यायचा. उजव्या कोपऱ्यात खेळायचा. एका दुपारी सरावात मी चढाईवर होतो. त्यानं मला कमरेला धरलं, मी सुटण्यासाठी अंग फिरवलं, आणि आम्ही दोघं त्याच्या खांद्यावर पडलो. खांदा निखळला. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण तो ओरडला नाही. कप्तानानं त्याला उठवलं, हात छातीशी बांधला आणि मुकादमाला म्हणाला, "ट्रक काढा. दवाखान्यात न्यायला हवा."

मुकादम म्हणाला, "ट्रक कसा देऊ? तो कामावर नव्हता, कप्तान. खेळत होता."

"गेल्या आठवड्यात खाणीवर एका मजुराचं बोट चेचलं तेव्हा ट्रक काढलात."

"तो कामावर होता की. त्याच्या अपघाताचा कागद हापिसात पाठवता येतो. ह्याचा कागद काय म्हणून पाठवू?"

 कप्तानानं आणि मी वाकडच्या गड्याला दोन्ही बाजूंनी धरून कॅम्पापर्यंत चालवत नेलं. तिथं एक हाडवैद्य होता. त्यानं खांदा बसवला. तीन आठवडे हात हलवायचा नाही असं सांगितलं. त्या तीन आठवड्यांत मस्टरवर त्या गड्याच्या नावापुढं रोज गैरहजर लागलं.

पहिलं गैरहजर लागलं त्या सकाळी पवनेवरून परत येताना कप्तान माझ्या बरोबरीनं धावू लागला. खाणीच्या तोंडाशी येऊन तो थांबला आणि म्हणाला, "तो फळा वाच बघू."

मी वाचला. त्यानं सगळा ऐकला, नऊ तासांचं वाक्य दुसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मग म्हणाला, "मुकादमाशी तू बोल. तुला बोलता येतं."

खरंच येत होतं. मी त्याच दुपारी शिट्टीच्या आधी मुकादमाला गाठलं. "मुकादम, एक इचारू? दोनच्या जागी सव्वादोनला आलो की तुमी पाव दिवस कापता. म्हंजी आमचा उशीर मोजता. मग आमी येळंवर आलो तर ती येळ कुठं जाते?"

 मुकादमानं ह्याचा कधी विचार केलेला नव्हता हे दिसत होतं. मग तो म्हणाला, "मला कामून इचारतो? पुढच्या आठवड्यात साहेब येणार हाय, फळा लावला का बघायला. त्याला इचार." बोलून झाल्यावर आपण हे बोलायला नको होतं असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं लगेच शिट्टी फुंकली, दोनला अजून पाच मिनिटं होती तरी.

मजूर खात्याचे साहेब पुढच्या आठवड्यात खरोखरच आले. पुण्याहून रेल्वेनं पिंपरी स्टेशनपर्यंत आणि तिथून भाड्याच्या सायकलवर. वयानं तरुण, चष्मा लावलेले, आणि पँट साखळीत अडकू नये म्हणून पायांना क्लिपा लावलेल्या. त्या काढायला ते दिवसभर विसरले. त्यांनी फळा बघितला, पाणी प्यायचं पिंप बघितलं, आणि मग मस्टर मागितलं. छपराखाली खुर्चीवर बसून ते पान पान बघत होते. आम्ही खाणीवरून हे सगळं बघत होतो.

एका पानावर त्यांचं बोट थांबलं. "हे नऊ जण रोज अर्धाच दिवस का?"

"ते गडी हायत, साहेब," मुकादम म्हणाला.

"कामाच्या रकान्यातही गडी असंच लिहिलंय. गडी म्हणजे कोण? मजूर की खेळाडू?"

"दोन्ही, साहेब. सकाळी मजूर, दुपारी खेळाडू."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "कुठे आहेत ते?"

आम्हाला बोलावणं आलं. नऊ जण रांगेत उभे राहिलो, वाकडचा गडीही हात गळ्यात बांधून आला होता. साहेबांनी विचारलं, "तुमच्यापैकी कोणाला काही सांगायचं आहे?"

कप्तानानं माझ्या पाठीला बोट लावलं. मी पुढं झालो आणि पवनेपासून संध्याकाळच्या सहापर्यंतचा दिवस सांगितला. शिट्टी सांगितली, पाव दिवसाचं कापणं सांगितलं, खांदा सांगितला. मला भीती वाटली नाही. समोरच्या अंगणात एकटं शिरून सात जणांत उभं राहायची सवय होती, इथं तर एकच माणूस होता आणि तोही ऐकून घेत होता.

साहेब म्हणाले, "हा पेच माझ्यासमोर पहिल्यांदाच आला. मी सराव बघतो."

दोनला ते अंगणाशी येऊन बसले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. आम्ही मालिश केली, अंगणाला पाणी मारलं, रेघा आखल्या, मग खेळलो. ते मधून मधून विचारत होते. पाणी मारायला वेगळा माणूस आहे का? नाही. राखीव दोघं बाहेर बसलेत, ते कधी घरी जातात? सहाला. सामन्याला बाहेरगावी जायचं तर कसं? ट्रकनं. ट्रकमध्ये सामान कोण चढवतं? आम्हीच. प्रत्येक उत्तरावर ते कागदावर काहीतरी लिहायचे.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "समज, आत्ता तुला घरी जायचं आहे. अंग दुखतंय, किंवा नुसता कंटाळा आलाय. जाशील का?"

मी उत्तर द्यायच्या आत मुकादम म्हणाला, "जाईल कसा, साहेब? सहा वाजेपर्यंत कोणाला सोडायचं नाही असा मालकांचा हुकूम हाय."

साहेबांनी मुकादमाकडं बघितलं आणि लिहून घेतलं. मुकादमाला आपण काय बोलून गेलो ते लगेच कळलं नाही. कप्तानाला कळलं. तो माती झटकत हळूच हसला.

"आणखी एक," साहेब मला म्हणाले. "दुपारी तुला खाणीवर पाटी उचलायला सांगितली असती तर उचलली असतीस?"

"उचलली असती. दिवसभर उचलली असती."

"अंगणावर कोणी पाठवलं?"

"मालकांनी."

साहेब उठले, घड्याळ मनगटावर बांधलं. मुकादमाला म्हणाले, "मालकांना सांगा. खेळ हे काम आहे की नाही, हे मला कायद्यात लिहिलेलं सापडत नाही. पण माणूस पूर्ण दिवस राबायला तयार असेल आणि मालकानंच त्याला दुसरीकडे पाठवलं असेल, तर दिवस पूर्ण धरायचा, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ह्या नऊ जणांचा दिवस पूर्ण लागला पाहिजे. मागचाही. मी पत्र पाठवतो."

ते सायकलवर बसून गेले, पायांच्या क्लिपा तशाच. आम्ही पुन्हा अंगणात गेलो, पण त्या दिवशी कोणाचं खेळात लक्ष लागलं नाही.

मला वाटलं, जिंकलो. तसं नव्हतं. मालक तिसऱ्या दिवशी आले, हातात ते पत्र. आम्हाला अंगणावर बसवलं आणि स्वतः पाण्याच्या पिंपावर बसले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"मी तुम्हाला गावोगाव फिरून आणलं. दूध लावलं. आजवर माझ्या कुठल्या मजुराला मी असं ठेवलं नाही. आणि तुम्ही साहेबापुढं माझी तक्रार केलीत." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला दंडाला हात लावून आणला होता मी."

मला वाईट वाटलं. ते खोटं बोलत नव्हते. मी म्हणालो, "मालक, तक्रार तुमची न्हाई केली. दिवस कसा जातो तेवढंच सांगितलं."

"ठीक आहे. दिवस पूर्ण पाहिजे ना? उद्यापासून पूर्ण दिवस खाणीवर बसा. मागचं जे निघेल ते देतो, मी कायदा मोडणारा माणूस नाही. पण खेळायचं ते सहा वाजल्यानंतर, तुमच्या वेळात. शिट्टी नाही, कापणं नाही, काही नाही. मग तर कोणाला तास मोजायला नकोत?"

असं बोलून ते निघून गेले.  यात कायद्याच्या बाहेरचं काही नव्हतं.

कप्तान म्हणाला, "आता गोष्ट सोपी झाली. आमच्या वेळात आम्ही काय करायचं ते आम्ही ठरवायचं. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

"मग मी माझ्या वेळात चहा पिणार."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आठ जण पूर्ण दिवस खाणीवर बसलो. वाकडच्या गड्याचा हात अजून बांधलेला होता. सहाला भोंगा झाला की हात धुवून आम्ही कॅम्पाकडं चहाला जायचो. वाटेत अंगण लागायचं. कोणी त्यात पाय ठेवला नाही. पाणी मारायला कोणी नसल्यामुळं चार दिवसांत माती कडक झाली, आठ दिवसांत तिला भेगा गेल्या. मला ते बघवायचं नाही. पूर्ण दिवस खडी फोडून माझ्या मनगटात कळा यायच्या आणि अंग जड झालं होतं. पण आपलं बरोबर आहे याबद्दल मला एक दिवसही शंका आली नाही. कप्तानाला मात्र जड जात होतं. एकदा मी बघितलं, तो एकटाच अंगणाच्या डाव्या कोपऱ्याशी उभा होता, रेघेच्या बाहेर.

पुढच्या महिन्यात खेडला सामने होते. पुण्याच्या त्या कंत्राटदाराचा संघ येणार होता आणि आमच्या मालकांनी आपलं नाव आधीच देऊन ठेवलं होतं. पंधरा दिवस अंगण रिकामं राहिल्यावर मुकादम चहाच्या दुकानात आला. आमच्या शेजारी बाकावर बसला, स्वतःचा चहा मागवला आणि कप्तानाला म्हणाला, "मालक इचारत होते, गडी सराव कवा करणार?"

"आमच्या वेळात."

"म्हणजे कवा?"

"ते आमचं आम्ही बघू."

मुकादमानं चहा बशीत ओतला. "मी एक सांगू का? मालकांना आडून आडून सांगून उपयोग न्हाई. ते उद्या दुपारी खाणीवर येणार हायत. सरळ बोला."

मालक आले. आम्ही खडीच्या ढिगाशी होतो. त्यांनी कप्तानाला बाजूला बोलावलं, तेव्हा कप्तान म्हणाला, "इथंच बोलू, सगळ्यांसमोर." मालक म्हणाले, "मला एकच सांग. मी बघायला येतो तेव्हा तुम्ही माझ्यासाठी खेळता, की मजुरीसाठी?"

कप्तानानं हातोडा खाली ठेवला. "मालक, मी पंधरा वर्षं खेळतोय. अंगणात उतरलो की मला तुम्ही दिसत नाय आणि मजुरीही दिसत नाय. समोरच्याचे पाय दिसतात. पण दोन वाजता मी अंगणावर येतो तो तुमच्या शिट्टीनं येतो. माझ्या मनानं आलो असतो तर कदाचित चारला आलो असतो, पाऊस असता तर आलो नसतो. तो वेळ तुमचा. खेळ माझा. खेळाचं मी तुमच्याकडं काय मागत नाय."

 मालकांच्या उजव्या हाताचा अंगठा वाकडा होता. तरुणपणी हुतूतूत मोडला होता, हे मुकादमाकडून मी नंतर ऐकलं. ते तो अंगठा दुसऱ्या हातानं चोळत उभे राहिले.

"सकाळचं धावणंही धरायचं?" त्यांनी विचारलं.

"शिट्टी वाजते ना," कप्तान म्हणाला.

"खेडला जायचं-यायचं?"

"ट्रक तुमचा. आम्ही चढतो तेव्हापासून."

"आणि राखीव? ते तर नुसते बसतात."

इथं मी बोललो. "त्यांना उठून जाता येत न्हाई, मालक. बसायला सांगितलंय म्हणून बसत्यात."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता रागावतील. पण ते म्हणाले, "तू वकील व्हायला पाहिजे होतास." आणि मुकादमाकडं वळून, "उद्यापासून दोनची शिट्टी. नऊच्या नऊ, पूर्ण दिवस. आणि तो वाकडचा, त्याला काय झालं होतं त्याचा कागद हापिसात पाठवून दे."

त्या संध्याकाळी आम्ही अंगणाच्या भेगांत नवी माती भरली. आमच्याच वेळात. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मुकादमही बादल्या आणायला आला, शिट्टी खिशात घालून.

सराव पुन्हा सुरू झाला तेव्हा पहिले दोन-तीन दिवस मला चमत्कारिक वाटलं. दम घेताना मनात यायचं की हा दम मस्टरवर आहे. कप्तान म्हणाला होता तसा तो तुटेल का, असंही वाटलं. चौथ्या दिवशी विसरलो. चढाईत दोन गडी मारून परतलो आणि घड्याळ, फळा, साहेब, काही आठवलं नाही. कप्तानाला सांगितलं तर तो म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी विसरायला झालं."

खेडच्या सामन्यांना आम्ही ट्रकनं गेलो. वाकडच्या गड्याचा खांदा बरा झाला होता, पण कप्तानानं त्याला राखीवच ठेवलं. तो दिवसभर गुडघ्यांवर हात ठेवून रेघेबाहेर बसला आणि त्याचा दिवस पूर्ण लागला. पहिले दोन सामने आम्ही सहज मारले. शेवटचा त्या पुण्याच्या संघाशी. मी त्या सामन्यात आयुष्यातली सगळ्यात चांगली चढाई केली, तीन गडी एका दमात, आणि त्यांचे सगळे गडी बाद करून त्यांच्यावर लोण चढवला. पण त्यांनी उत्तरार्धात तो फेडला आणि आम्ही दोन गुणांनी हरलो. पंधरा दिवस अंगण रिकामं राहिलं नसतं तर जिंकलो असतो असं मला आजही वाटतं. मालकांनाही तसं वाटलं असणार, पण ट्रकमध्ये ते बोलले नाहीत. चाकणला ट्रक थांबवून त्यांनी सगळ्यांना भजी घेतली.

वडील तो सामना बघायला आले होते. त्यांना मी सांगितलेलं नव्हतं. गर्दीत पागोटं दिसलं तेव्हा कळलं. सामना संपल्यावर ते म्हणाले, "हरलास तरी आज हजेरी लागंल व्हय?"

"लागंल. पुरी लागंल."

त्यांनी मान हलवली आणि बैलगाडी गाठायला निघून गेले. ते समाधान होतं की नापसंती, मी शोधायला गेलो नाही.

संघ पुढं दीड वर्ष टिकला. पुढच्या वर्षी तळेगावच्या सामन्यात आम्ही पुण्याच्या त्या संघाला हरवलं, तेव्हा मालकांनी आम्हाला मिठ्या मारल्या. मग पिंपरीचं बांधकाम संपलं, मालकांनी दुसऱ्या जिल्ह्यात धरणाचं काम घेतलं आणि संघ मोडला. कप्तान रत्नागिरीला गेला, आंब्याची कलमं लावतो असं त्याचं पत्र आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. मी इथंच राहिलो. ज्या कारखान्याच्या पायाची खडी आम्ही फोडली होती, तिथं भरती निघाली होती.

निघताना मालकांनी प्रत्येकाला एक दाखला दिला. मागितला नव्हता. टाईप केलेला, खाली सही. त्यात लिहिलं होतं की हा इसम आमच्याकडे दोन वर्षं पूर्ण दिवस कामावर होता, काम खडी फोडणं आणि हुतूतू खेळणं, दोन्ही चोख. भरतीच्या खिडकीवर मी तो दिला. आतल्या कारकुनानं वाचून मान वर केली, मला नीट बघितलं, आणि तो कागद फायलीला लावला. नोकरी लागली. दाखला मात्र मला परत मिळाला नाही, आणि मीही मागायला गेलो नाही.